नकार कागदावर आणा: मुंबईत दिव्यांगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध दाद कशी मागावी

दिव्यांग व्यक्तीला आपल्याकडे सहसा उघडपणे "नाही" म्हटले जात नाही. "आमची काहीच हरकत नाही, पण इथे तुमच्या मुलालाच त्रास होईल," असे मुख्याध्यापक सांगतात. "साहेब आले की विचारून कळवतो," असे कार्यालयात ऐकायला मिळते. आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत रॅम्पचा विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. अशा बोलण्याची कुठेही नोंद होत नाही, आणि जो नकार कधी नोंदलाच गेला नाही त्याच्याविरुद्ध पुढे कोणत्याही अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयात उभे राहणे फार अवघड जाते. म्हणून या लेखात कायद्याची माहिती दिली असली तरी सर्वाधिक भर एकाच गोष्टीवर आहे: आपल्याला नेमके काय हवे ते लेखी मागणे, त्याची पोच घेणे आणि मिळालेला नकार कागदावर आणणे.

कायदा कोणाला लागू होतो

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. दिव्यांगत्वाचा उल्लेख तिथे नाही. ही उणीव दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला असून १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे सात प्रकार होते ते आता एकवीस झाले आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स आणि ॲसिड हल्ल्यातून आलेले दिव्यांगत्व यांचाही त्यांत समावेश आहे, म्हणजे ज्यांचे दिव्यांगत्व समोरच्याला एका नजरेत दिसत नाही अशा अनेकांना हा कायदा लागू आहे.

त्यातील सर्वांत उपयोगाची तरतूद कलम २ मधील भेदभावाच्या व्याख्येत आहे. दिव्यांगत्वामुळे एखाद्याला वगळणे किंवा त्याच्यावर बंधने घालणे हा भेदभाव आहेच, पण वाजवी सोय करून देण्यास नकार देणे हाही भेदभावच आहे, असे ती व्याख्या स्पष्टपणे सांगते. वाजवी सोय म्हणजे संबंधित संस्थेवर अवाजवी बोजा न पडता त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत यासाठी करावयाचा आवश्यक तो बदल: तळमजल्यावर बसण्याची व्यवस्था, परीक्षेत लेखनिक, संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर), सुनावणीच्या वेळी सांकेतिक भाषेचा दुभाषी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार या सोयीचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही. "करा, पण तुमच्या पैशाने करा," हे उत्तर मिळाले तर हा नियम दाखवावा.

"हा कायदा सरकारी कार्यालयांसाठी आहे, आम्ही खासगी आहोत," असे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु ते खरे नाही. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी संस्था, न्यास, कारखाना आणि सहकारी संस्था हे सारे येते. मुंबईतील असंख्य निवासी इमारती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या असल्यामुळे यातील शेवटचा शब्द मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावा.

प्रमाणपत्र आणि चाळीस टक्क्यांचा गैरसमज

तक्रारीआधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून ठेवावे. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करावा लागतो आणि त्यानंतर नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. मुंबईत जे. जे., केईएम, शीव, नायर, कूपर ही रुग्णालये, हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि ऐकण्या-बोलण्याच्या दिव्यांगत्वासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था ही ओळखीची ठिकाणे आहेत. आपल्या प्रकाराची तपासणी कुठे आणि कोणत्या वारी होते, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी, कारण एक फेरी वाया गेली तर त्याची झळ सर्वाधिक दिव्यांग व्यक्तीलाच बसते. टक्केवारी किंवा निष्कर्ष मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येते.

आता गैरसमजाविषयी. शासकीय नोकरीतील चार टक्के आरक्षण, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील पाच टक्के जागा आणि सहा ते अठरा वर्षे वयापर्यंतचे मोफत शिक्षण यांसाठी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागते. भेदभावापासून संरक्षणासाठी आणि वाजवी सोय मागण्यासाठी मात्र अशी अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने तो नकार अवैध ठरवला. त्यापाठोपाठ ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी केंद्राने स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. टक्केवारी उलट्या बाजूनेही आडवी येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्याच्या वर आहे एवढ्याच कारणाने कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही, त्याला तो अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का हे तपासावेच लागेल.

अर्ज कसा लिहावा

आपल्याकडे अर्जात गयावया करण्याची सवय आहे. "मी एक गरीब अपंग असून माझ्यावर मेहेरबानी करावी," अशी सुरुवात केली की वाचणारा अधिकारी ती विनवणी समजतो आणि बाजूला ठेवतो. हक्काच्या मागणीत चार गोष्टी असाव्यात: आपले दिव्यांगत्व आणि त्यामुळे नेमके कोणते काम अडते, कोणती सोय हवी, कोणत्या कायद्याखाली, आणि कोणत्या तारखेपर्यंत लेखी उत्तर अपेक्षित आहे. उदाहरण म्हणून अंधेरीतील एखाद्या खासगी कार्यालयात काम करणारी, दृष्टी कमी असलेली कर्मचारी असा अर्ज करू शकेल:

"मला अल्पदृष्टी असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. १ तारखेपासून सुरू झालेल्या नव्या हिशेब प्रणालीत अक्षरांचा आकार वाढवता येत नाही, त्यामुळे मला नोंदी वाचता येत नाहीत. माझ्या संगणकावर स्क्रीन रीडर बसवून द्यावा आणि तो या प्रणालीत चालेल अशी व्यवस्था करावी, ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २ व ३ नुसार वाजवी सोयीची मागणी आहे. आपला निर्णय पंधरा दिवसांत लेखी कळवावा. नकार असल्यास त्याची कारणे नमूद करावीत."

अर्ज प्रत्यक्ष देत असल्यास दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नये. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवावा. तोंडी नकारावरही एक साधा उपाय आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत परिणामकारक आहे: बोलणे झाल्यावर लगेच त्या व्यक्तीला ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहावे, "आज दुपारी आपल्याशी झालेल्या बोलण्यात, माझ्या मुलीसाठी शाळेत वेगळी सोय करता येणार नाही असे आपण सांगितले. माझ्या समजण्यात चूक झाली असल्यास कृपया कळवावे." उत्तर आले तर भूमिका कागदावर येते, आले नाही तर आपण त्याच दिवशी केलेली नोंद हाती राहते.

जागेच्या अडथळ्याची तक्रार असेल तर छायाचित्र काढताना मोजपट्टी चौकटीत दिसेल अशी धरावी. पदपथावरच्या दोन खांबांमध्ये आपली व्हीलचेअर अडकते हे शब्दांत सांगण्यापेक्षा त्या खांबांतील अंतर आणि खुर्चीची रुंदी, दोन्ही मोजून दाखवलेली छायाचित्रे अधिक काम करतात. मुंबईत हे घडलेले आहे: व्हीलचेअर वापरणाऱ्या एका रहिवाशाने पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांविषयी छायाचित्रांसह पाठवलेल्या ई-मेलची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि महानगरपालिकेला जाब विचारला.

पहिली पायरी संस्थेच्या आतच

प्रत्येक शासकीय आस्थापनेत कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याच्याकडे लेखी तक्रार केल्यास दोन आठवड्यांत चौकशी होणे बंधनकारक आहे, आणि तसे न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. आपले ठिकाण कोणत्या जिल्ह्यात मोडते हे आधी पाहावे. असा अधिकारी नेमलेलाच नसेल तर तेही तक्रारीत लिहावे.

खासगी कंपनीत "आपले समान संधी धोरण द्यावे," अशी पहिली मागणी करावी. कलम २१ नुसार असे धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग व्यक्तींसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवणे आवश्यक आहे. शिवाय वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली तर २०१७ च्या नियमांनुसार त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: कायद्यानुसार कारवाई करणे, किंवा आपली कृती कोणत्या रास्त उद्दिष्टासाठी आणि कशी प्रमाणशीर होती हे तक्रारदाराला लेखी कळवणे. शासकीय कार्यालयाच्या प्रमुखालाही हेच बंधन आहे. गप्प बसण्याची मुभा कायद्याने त्याला दिलेली नाही, आणि म्हणूनच त्याचे मौनही पुढच्या तक्रारीत पुरावा ठरते.

पुण्याला की दिल्लीला

दाद मिळाली नाही तर पुढची तक्रार आयुक्तांकडे जाते, आणि मुंबईत नेमका इथेच लोकांचा वेळ वाया जातो, कारण या शहरात राज्याच्या आणि केंद्राच्या आस्थापना शेजारी शेजारी आहेत. महानगरपालिका, बेस्ट, राज्य शासनाची कार्यालये, शाळा, गृहनिर्माण संस्था, खासगी नोकरी यांविषयीची तक्रार दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे करावी. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा महामंडळ, टपाल खाते, केंद्राची रुग्णालये व संस्था यांविषयीची तक्रार दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाते. म्हणजे दादर स्थानकाबाहेरच्या पदपथाची तक्रार पुण्याला आणि स्थानकातल्या लिफ्टची दिल्लीला.

तक्रारीत घटनाक्रम तारखांनिशी, मूळ अर्ज, पोच, मिळालेले उत्तर आणि नेमकी मागणी असावी. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांबाबत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि नियमांनुसार तक्रार साठ दिवसांत निकाली निघाली पाहिजे. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून परीक्षा, प्रवेश किंवा नोकरीची अंतिम तारीख जवळ असेल तर ती तारीख तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहावी. आयुक्तांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो ही या कायद्याची खरी मर्यादा आहे. तरीही संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत काय कारवाई केली हे कळवावे लागते, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही द्यावी लागतात.

रोजच्या जागा

लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट प्रवासी घुसले असतील तर प्रवासातच १३९ वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा; हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १५५ खाली दंडनीय अपराध आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती महिला यांना या डब्यात मुभा आहे, त्यांच्याशी वाद घालू नये. डबा जिथे थांबतो तिथे अंध प्रवाशांसाठी बसवलेला ध्वनिसंकेत बंद पडला असेल तर तीही तक्रारच आहे, आणि ती करताना फलाट क्रमांक, वेळ आणि दिनांक द्यावा.

नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आले तर शासकीय कर्मचाऱ्याला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २०(४) चे भक्कम संरक्षण आहे: त्याला कामावरून काढता येत नाही, पदावनत करता येत नाही, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद रिकामे नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त जादा, पद निर्माण करावे लागते. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवले म्हणून घाईने स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करणारे चालक आणि कामगार पाहिले की फार वाईट वाटते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसासमोर कार्यालयाचा कोणताही छापील अर्ज आला तर त्यावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावा.

सार्वजनिक वापराच्या सध्याच्या इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. त्यानंतर वर्षभराने, २०२३ मध्ये, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात लिफ्ट नसल्यामुळे दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. असा प्रसंग कोणावर आल्यास "अधिकाऱ्याने खाली येऊन काम करावे," ही वाजवी सोयीची मागणी तिथल्या तिथे लेखी करता येते. कायमस्वरूपी सुधारणेसाठी माहिती अधिकारात त्या इमारतीचे सुगम्यता सर्वेक्षण केव्हा झाले, लिफ्ट व रॅम्पसाठी किती तरतूद आहे, हे विचारावे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

स्वतःच्या इमारतीत रॅम्प, कठडा किंवा प्रवेशद्वाराजवळ गाडी लावायला जागा हवी असेल तर अर्ज संस्थेच्या सचिवांना द्यावा आणि कार्यकारिणीचा ठराव लेखी मागावा. शेजाऱ्यांशी संबंध बिघडतील या भीतीने अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे आजी-आजोबांना खुर्चीसकट उचलून चार पायऱ्या उतरवतात. अर्जाची भाषा सौम्य ठेवा, पण अर्ज द्या. उत्तर न मिळाल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे आणि राज्य आयुक्तांकडे, दोन्हीकडे तक्रार करता येते.

अंध ग्राहकाला धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड किंवा लॉकर नाकारण्याचा बँकेला अधिकार नाही, कारण अंध व्यक्ती करार करण्यास कायद्याने सक्षम आहे, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. डोळ्यांची उघडझाप टिपून होणाऱ्या केवायसीत अडकणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निर्णय महत्त्वाचा आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून न्यायालयाने केवायसीच्या पद्धती बदलण्याचे निर्देश दिले.

परीक्षेत दर तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ आणि लेखनिक यांची मागणी परीक्षेच्या अर्जातच नोंदवावी. तिथे राहून गेले की ऐनवेळी केंद्रावर ऐकून घेणारे कोणी नसते.

अपमान, मारहाण आणि पोलीस

चारचौघांत अपमानित करण्याच्या हेतूने हेटाळणी करणे किंवा धमकावणे, मारहाण, ज्याच्या ताब्यात व्यक्ती आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे, लैंगिक शोषण, कुबडी किंवा व्हीलचेअरसारख्या साधनाची हेतुपुरस्सर मोडतोड हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हे असून त्यांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. फिर्यादीत हे कलम नमूद करण्याचा आग्रह धरावा, कारण ठाण्यात बऱ्याचदा फक्त किरकोळ भांडणाची नोंद करून बोळवण केली जाते. गुन्हा नोंदवून घेण्यास नकार मिळाल्यास तक्रार लेखी स्वरूपात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवावी, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. साक्ष देण्यासाठी दिव्यांग व्यक्तीला पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तरतूद आहे. छळ घरातूनच होत असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकारी त्या व्यक्तीची सुटका करून तिच्या राहण्याची व निर्वाहाची व्यवस्था करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि याची माहिती तिला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

वकील आणि उच्च न्यायालय

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. मुंबई शहर आणि उपनगर यांची स्वतंत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. शासकीय यंत्रणेने आयुक्तांची शिफारस तीन महिन्यांत पाळली नाही, किंवा प्रवेशाची मुदत इतकी जवळ आहे की आयुक्तांकडे थांबणे शक्य नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. वकिलाकडे जाताना कागद तारखांच्या क्रमाने लावून न्यावेत: सर्वांत वर मूळ मागणीचा अर्ज, त्याखाली पोच, मग स्मरणपत्रे, आणि नंतर नकार किंवा नकाराची नोंद करणारा आपला स्वतःचा ई-मेल. प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती कराव्यात आणि मूळ प्रत आपल्याकडेच ठेवावी.